यादीतले पहिले नाव

कापसाने ज्याला पेठ दिली, वकिलांनी ज्याला वाचा दिली आणि शिक्षणसंस्थांनी ज्याच्या प्रत्येक मोहल्ल्याला एक मंडळ व प्रत्येक मंडळाला एक कार्यवाह दिला, अशा वऱ्हाडातल्या शहरात, मग ते अमरावती असो की अकोला, सकाळी नऊच्या सुमारास खांद्याला कापडी पिशवी अडकवून, खिशात दोन लेखण्या खोचून आणि मुखावर नुकत्याच ओढवलेल्या एखाद्या सार्वजनिक आपत्तीचे गांभीर्य धारण करून एक वयस्क गृहस्थ घराबाहेर पडला, की रस्त्याच्या दुतर्फा जी सूक्ष्म चलबिचल उत्पन्न होते ती अवलोकन करण्यासारखी असते. औषधविक्रेत्याला एकाएकी मागच्या फडताळातील जिन्नस मोजण्याची उपरती होते; समोरून येणारे प्राध्यापक, ज्यांचे डावीकडच्या गल्लीत कोणीही नातलग राहत नाही, डावीकडे वळतात; वकीलसाहेब मुका पडलेला फोन कानाला लावून एका काल्पनिक अशिलाला मोठ्याने धीर देऊ लागतात. गृहस्थ हे सर्व पाहत असतो आणि त्याला यत्किंचितही राग येत नाही. ती गल्ली पुढे कोठे निघते हे त्याला ठाऊक असते, आणि प्राध्यापक तिच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडतात तेव्हा तो तेथे उभा असतो.

हा गृहस्थ सावकार नाही, विमा उतरवणाराही नाही. तो संस्थेसाठी निधी गोळा करतो. संस्था कोणती, हा प्रश्न गौण आहे. वसतिगृह असेल, अंधविद्यालय असेल, वाचनालय असेल, गोरक्षण असेल किंवा निराधार वृद्धांचा आश्रम असेल. नोकरीच्या काळात तो बहुधा जिल्हा परिषदेत बडा बाबू किंवा एखाद्या शाळेत मुख्याध्यापक होता, आणि ज्याने उभी हयात दुसऱ्यांच्या थकबाकीचे तगादे लिहिण्यात घालवली त्याला निवृत्त झाल्यावर अंगणातली मोगऱ्याची कुंडी पुरत नाही, हे ओघानेच आले. त्याला वेतन नाही; प्रवासखर्च स्वतःच्या निवृत्तिवेतनातून आणि चहा दुसऱ्याच्या घरचा. या चहाने त्याचे पित्त खवळलेले असते, रक्तातली साखर वाढलेली असते, डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली असते. पण जो मनुष्य आपला चहा नाकारतो त्याला देणगी नाकारण्याचा नैतिक अधिकार यजमानास आपोआप प्राप्त होतो, हे तत्त्व त्याला वैद्यकशास्त्रापेक्षा अधिक प्रमाण वाटते. घरची माणसे या सेवाव्रताचा अभिमान बाळगतात, मात्र लग्नकार्याला त्याच्याबरोबर जाण्याचे टाळतात. एका घरातून आलेल्या लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ या छापील ओळीखाली ‘व पावतीपुस्तकही’ असे शाईने लिहिलेले मी स्वतः वाचले आहे.

शहराची खरी बारनिशी याच मनुष्याच्या डोक्यात असते. तहसील कचेरीतील दप्तरात कोणाची किती जमीन आहे एवढेच सापडेल. तिच्यावर औंदा काय पेरले, ते विकून काय आले, आलेल्यातले सोसायटीने किती कापून घेतले आणि उरलेल्यातून नवी मोटार घेण्याचा बेत आहे की जावयाची समजूत घालण्याचा, हे कोणत्याही फेरफार नोंदीत आढळणार नाही. आमच्या गृहस्थाला ते माहीत असते. राजापेठेतल्या कोणत्या घराला नुकता रंग लागला, जठारपेठेतल्या कोणाच्या कन्येला पुण्यात नोकरी लागली, रामदासपेठेतल्या कोणत्या वाड्याची वाटणी होऊन भाऊ-भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, याची टिपणे तो मनाशी ठेवतो. आणि यांपैकी शेवटची वार्ता इतरांना दुःखद वाटली तरी त्याला तीत दोन स्वतंत्र पावत्या दिसतात.

परंतु हे ज्ञान केवळ उपकरण होय. या शास्त्राचा जो मूळ सिद्धान्त आहे तो असा की, देणगी दात्याच्या अंतःकरणातून निघत नाही. ती यादीत त्याच्या वर लिहिलेल्या नावातून निघते. संस्थेचे कार्य किती थोर आहे, मुले किती गरीब आहेत, छत किती गळते, हे सारे विनंतिपत्रकात छापावे लागते, कारण कोरे पत्रक वाईट दिसते. पण ते पत्रक वाचून कोणी खिशात हात घातल्याचे उदाहरण जुन्या-जाणत्यांच्या स्मरणात नाही. मनुष्य पत्रक घेतो, घडी करतो, त्याने स्वतःला वारा घालतो आणि विचारतो, ‘‘बाकीच्यांनी किती किती देल्ले?’’ हा प्रश्न आला की गृहस्थाच्या मुद्रेवर प्रथमच समाधान उमटते आणि पिशवीतून यादी बाहेर येते.

यादीतले पहिले नाव ठरवणे हे या कलेतील सर्वांत दुष्कर काम. ते फार मोठ्या धनिकाचे असेल तर बाकीचे म्हणतात, ‘‘त्याले काय कमी हाये?’’ आणि ५१ रुपयांवर निश्चिंत होतात. ते फार लहान असेल तर सारी यादीच त्या मापाने आखूड होते. म्हणून पहिले नाव असे लागते की ज्याची ऐपत सर्वांना ठाऊक असून ज्याच्या चिकटपणाविषयीही गावात एकमत आहे. अशा माणसाच्या नावापुढे १,००१ हा आकडा दिसला की पुढच्या वाचणाऱ्याच्या मनात दानबुद्धी नव्हे, तर एक प्रकारचा अपमान जागृत होतो, आणि त्या अपमानाची किंमत तो तत्काळ मोजतो. अर्थात तो चिकट मनुष्य पहिला आकडा सुखासुखी देत नाही. बहुधा तो म्हणतो, ‘‘आकडा लिहून ठेवा, पैसे मंग पाहू.’’ आमच्या गृहस्थाला तेवढे पुरते. पैसे कधीही आले नाहीत तरी त्या आकड्याने खालच्या चाळीस जणांकडून काम करून घेतलेले असते, आणि जमाखर्चात ती रक्कम ‘येणे’ या सदराखाली वर्षानुवर्षे सन्मानाने नांदते. याच कारणाने पावतीपुस्तकही कधी पहिल्या क्रमांकापासून सुरू होत नाही. ते २०१ पासून छापून घ्यावयाचे असते. आपण पहिलाच सापडलो, ही भावना दात्याच्या मनात येता कामा नये.

अकोल्याच्या कापडबाजारात एकदा हा व्यवहार मी शेजारच्या बाकावर बसून पाहिला.

‘‘या बाप्पा, बसा. पानी घ्या. औंदा काय आनलं?’’

‘‘वसतिगृहाचं छत गळून राह्यलं, भाऊ.’’

‘‘थे त मागच्या सालीबी गळे.’’

‘‘मागच्या साली तुमी एकशे एक देल्ले, म्हनून तेवढ्यापुरतं थांबलं. पोट्ट्यायनं बाकीच्या जागी बादल्या लावल्या.’’

‘‘औंदा बाजारच नाही, काकाजी. कपाशीले बोंडअळी लागली, सोयाबीनले भाव नाही. गिऱ्हाईक येते, कापड हातानं चोळून पाह्यते अन् चाल्लं जाते. लिहा एकावन्न.’’

‘‘लिहतो. जरा वरचं नाव वाचून घ्या.’’

दुकानदाराने चष्मा लावला, नाव वाचले, चष्मा पुसून पुन्हा लावला. ‘‘यानं? पाचशे एक? याच्या बापानं कधी धुपाटन्यात दोन आने टाकले नाहीत! आना इकडं. लिहा एक हजार एक. पन आज नेऊ नका, दिवाळीनंतर या.’’

‘‘येतो ना भाऊ. पावती आजच फाडतो, म्हंजे तुमाले आठवन राहीन.’’

छताचा विषय त्यानंतर निघाला नाही.

या घासाघिशीत एक गंमत अशी की, मधल्या आकड्यांना मुळी अस्तित्वच नसते. ५१ नंतर एकदम १०१, मग २५१, मग ५०१. जलदगाडी बडनेरा सोडल्यावर मूर्तिजापूरला थांबते आणि मधल्या फलाटांकडे पाहतसुद्धा नाही, तसा हा प्रवास. कोणी ७३ रुपये देऊ केले तर गृहस्थ गोंधळून जाईल आणि दाता आजारी आहे काय, अशी चौकशी करील.

अमरावतीची तऱ्हा निराळी. अकोला हे व्यापाऱ्यांचे गाव. तेथे भाव ठरला की सौदा संपला. अमरावतीने १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन भरवले, शंकरन नायर यांना अध्यक्ष म्हणून आणले आणि दादासाहेब खापर्डे यांना स्वागताध्यक्ष केले, तेव्हापासून या गावात भाषणावाचून काहीही दिले किंवा घेतले जात नाही. शिवाय येथे प्रत्येक तिसरा मनुष्य कोणत्या ना कोणत्या संस्थेचा आजी, माजी किंवा नाराज पदाधिकारी असतो. त्याच्याकडे जाऊन बसावे तो तो प्रथम संस्थेची घटना मागतो, मग विश्वस्तांची नावे विचारतो, मग गेल्या वर्षीच्या अहवालातील ‘किरकोळ खर्च’ या बाबीवर बोट ठेवतो, आणि शेवटी पाऊण तास स्वतःच्या कारकीर्दीत अशीच संस्था कशी चालवली होती ते सांगून, ‘‘तुमचं काम फार मोलाचं आहे, सोडू नका,’’ असा आशीर्वाद देतो. आशीर्वादाची पावती फाडण्याची सोय पुस्तकात नसल्यामुळे गृहस्थ रिकाम्या हाताने उठतो. परंतु पुढल्या घरी जाऊन तो सांगतो, ‘‘सरांनी पाऊण तास दिला,’’ आणि ते तर अक्षरशः खरेच असते.

काळवेळ पाहिल्यावाचून या कामाला हात घालता येत नाही. मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत शेतकऱ्याचा पैसा जमिनीत असतो. त्या दिवसांत देणगी मागणे म्हणजे पेरलेले बियाणे उकरून मागणे. श्रावणात अकोल्यात राजराजेश्वराच्या कावडीची धामधूम. गांधीग्रामला जाऊन पूर्णेचे पाणी आणावयाचे, त्यासाठी मंडळामंडळांच्या कावडी, पालख्या, वाद्ये, आणि त्या सर्वांसाठी वर्गणी. नेत्रदीपक वर्गणीपुढे केविलवाणी वर्गणी टिकत नाही, हे ओळखून आमचा गृहस्थ त्या महिन्यात पत्रके छापून घेतो आणि गप्प बसतो. पाठोपाठ गणपती, मग अंबादेवीचे नवरात्र. खरा हंगाम कापूस वेचणीला आला, शेतात सीतादही झाली आणि पहिला कापूस बाजारात गेला की सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चात दुसरे पीक येते. त्या वेळी सनदी लेखापाल आपल्या अशिलांना परोपकाराची आठवण करून देतात.

पण खरा तज्ज्ञ ओळखावा तो मे महिन्यात. अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलेला, डांबर पायताणाला चिकटत असलेले, कुत्री नालीत बसलेली, अशा दुपारी दोन वाजता डोक्याला ओला दुपट्टा बांधून तो निघतो. त्याचे गणित सरळ आहे: या वेळी प्रत्येक दाता घरी असतो, खसाच्या ताट्यांच्या कूलरसमोर असतो, आणि ‘‘मी आत्ताच बाहेर निघालो होतो,’’ असे सांगण्याची कोणाची छाती नसते. शिवाय अशा उन्हात दारात उभ्या असलेल्या वृद्धाला परत पाठवणे हे पाप आहे, याविषयी सर्व धर्मांत एकवाक्यता आहे.

मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ धावत होती, ‘धावत’ हे क्रियापद येथे केवळ रूढीने वापरले आहे, तोवर या वर्गाची फार सोय होती. स्वातंत्र्यानंतरही जिच्या रुळांची मालकी एका खासगी कंपनीकडे राहिली अशी ही अरुंद मापाची गाडी सुमारे पाऊणशे किलोमीटरांचे अंतर चार तासांत तोडीत असे. डब्यात शिरलेला प्रवासी चार तास कोठेही जाऊ शकत नव्हता, हे जसे खरे, तसेच गाडीतून उतरून पायी पुढे जाता आले असते हेही खरे. पण आधी काढलेल्या तिकिटाचा मोह कोणाला सुटत नसे. ती गाडी बंद पडल्याने वऱ्हाडच्या दळणवळणाची जी हानी झाली तिच्यावर निवेदने निघाली, सह्या झाल्या. सार्वजनिक निधीची जी हानी झाली तिची दाद मात्र कोणीही घेतली नाही.

आता हा सारा खटाटोप न करता देणगी वसूल करण्याची एक युक्ती आमच्या पूर्वजांनी शोधून काढली होती, हे इतिहास म्हणून नमूद केले पाहिजे. कारंज्याला १८८६ साली हिंदुस्थानातला पहिला नियंत्रित कापूसबाजार स्थापन झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. कायदा करावा लागला याचे कारण शेतकऱ्याची गाडी बाजारात उभी राहिल्यापासून पैसे त्याच्या पदरात पडेपर्यंत अडत, हमाली, तोलाई, कटती अशा नाना नावांनी तिची पिसे उपटली जात. आणि या मालिकेत ‘धर्मादा’ नावाचीही एक बाब असे. गोरक्षणासाठी, धर्मशाळेसाठी, पाणपोईसाठी प्रत्येक सौद्यातून थोडेसे कापून घेतले जाई. कोणी मागितले नाही, कोणी नाकारले नाही, यादी नाही, पावती नाही. दान शेतकऱ्याचे, पुण्य अडत्याचे आणि संगमरवरी फलक शेठजींचा. इतकी निर्दोष व्यवस्था पुन्हा होणे नाही. आमचा गृहस्थ आजही बाजार समितीच्या फाटकावरून जाताना क्षणभर थबकतो. त्याला आपण शंभर वर्षे उशिरा जन्मलो असे वाटत असावे.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग अंताजी दामोदर काळे यांनी केला. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा, म्हणजे देशाचे उद्योग उभे राहतील, ही त्यांच्या पैसाफंडाची कल्पना. टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला तिच्यातून काचेचा कारखाना उभा राहिला. विचार उदात्त खरा, परंतु आमच्या गृहस्थाला तो व्यवसायदृष्ट्या भीषण वाटतो. सर्वांनी सारखेच द्यावयाचे म्हटले तर यादी कोणाला दाखवायची? वरच्या नावाचा मत्सर करण्याची सोयच ज्यात नाही, असा निधी काळ्यांनी कसा जमवला, याचे त्याला गूढ वाटते.

पण त्याच्या शास्त्राला खरा सुरुंग लावला तो त्याच्याच मुलखातल्या एका माणसाने. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावला एका परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांनी, म्हणजे गाडगेबाबांनी, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उठवल्या, मूर्तिजापूरला गोरक्षण काढले, ऋणमोचनला पूर्णेवर घाट बांधवला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वऱ्हाडच्या भूमीने निर्माण केलेला हा सर्वश्रेष्ठ निधिसंकलक निरक्षर होता. म्हणजे त्याला एक पावतीसुद्धा लिहिता आली नसती. अंगावर चिंध्या, हातात खराटा, जेवावयाला आणि पाणी प्यावयाला एकच गाडगे. गावात शिरावे, आधी रस्ता झाडावा, रात्री आपल्या वऱ्हाडी बोलीत कीर्तन करावे, श्रोत्यांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्याच तोंडून त्यांचा मूर्खपणा वदवून घ्यावा, आणि ज्या धनिकाला भर सभेत ‘कर्ज काढून सण करू नका, देवाला बकरे कापू नका’ म्हणून खडसावले त्यानेच सकाळी धर्मशाळेच्या खोलीचा खर्च उचलावा, हा क्रम अनेक दशके चालला.

आमच्या गृहस्थाने या पद्धतीचा फार बारकाईने अभ्यास केला आहे. त्याचे म्हणणे असे की, बाबांना यादी लागत नव्हती कारण ते स्वतःच यादीतले पहिले नाव होते. त्यांनी आधीच सर्वस्व देऊन टाकलेले असल्यामुळे खाली लिहिणाऱ्याला कोणताही आकडा लाजिरवाणा वाटे. ‘‘मंग तुमी तसं काऊन करत नाही?’’ असे त्याला कोणीतरी विचारले. त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले, ‘‘खराटा आनला होता. पन लोक म्हनाले, काकाजी, आमच्या अंगनापासून सुरू करा, अन् देनगीचं उद्या पाहू.’’

अमरावतीच्या तपोवनाविषयी बोलताना मात्र तो थट्टा करीत नाही. होमिओपॅथीचे डॉक्टर आणि स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली ते चालवणारे विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापिले. त्या काळी कुष्ठरोग्याचे नाव काढले तरी लोक दार लोटून घेत, अशा समाजाकडे त्याच रोग्यांसाठी हात पसरणे म्हणजे काय, हे पावतीपुस्तक घेऊन दारोदार गेलेल्या मनुष्यालाच कळते. सरकारने डॉक्टरांना १९५९ साली पद्मश्री दिली. ‘‘पद्मश्री ठीक हाये,’’ आमचा गृहस्थ म्हणतो, ‘‘पन पह्यली पावती कोनं फाडली असन, याचा इचार करा.’’

नावाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. देणगीच्या बदल्यात संस्था काही देऊ शकत असेल तर ते नाव. अकोल्यात आर.एल.टी. हे विज्ञान महाविद्यालय आणि एल.आर.टी. हे वाणिज्य महाविद्यालय, दोन्ही तोष्णीवाल घराण्याच्या नावांनी. तीन अक्षरांपैकी दोहोंची अदलाबदल झाली की विद्यार्थ्याचा पदार्थविज्ञानाचा संबंध सुटून तो जमाखर्चात जातो. महाविद्यालयाला नाव देण्याची ऐपत सर्वांचीच नसते. म्हणून खोलीला, पायरीला, बाकाला, पाण्याच्या टाकीला आणि शेवटी छताच्या पंख्याला नाव. पंख्याच्या पात्यांवर ‘कै. तीर्थरूपांचे स्मरणार्थ’ असे लाल रंगाने रंगवून घेणाऱ्या एका सद्गृहस्थांनी पंखा सुरू केल्यावर काहीच वाचता येत नाही अशी लेखी तक्रार केली, तेव्हा कार्यवाहांनी त्यांना उत्तर धाडले की, भारनियमनाच्या वेळापत्रकानुसार आपले तीर्थरूप दररोज दुपारी ठरावीक वेळ सुवाच्य राहतील.

गुप्तदानाचा प्रकार याहून नाजूक. गुप्तदान करणारा सांगतो, ‘‘माझं नाव कोठे येऊ देऊ नका.’’ अननुभवी कार्यकर्ता ही आज्ञा शब्दशः पाळतो आणि तो दाता कायमचा गमावतो. जाणता मनुष्य ते गुपित फोडतो, पण बेताबेताने. प्रथम शेजाऱ्याकडे, मग व्याह्यांकडे, मग अध्यक्षीय भाषणात ‘आपल्यातच बसलेल्या एका निरिच्छ सज्जनाकडे’ सूचक दृष्टिक्षेप टाकून. अलीकडे सरकारनेही या बाबतीत लक्ष घातले आहे. शास्त्रकारांनी गुप्तदानाला श्रेष्ठ म्हटले. आयकर खात्याने धर्मादाय संस्थेला ठरावीक मर्यादेपलीकडे आलेल्या निनावी देणगीवर तीस टक्के कर बसवला. श्रेष्ठत्वाचा दर इतका नेमका यापूर्वी कोणी काढला नव्हता.

कायद्यांची ही एक स्वतंत्रच व्यथा आहे. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय, दरसालची हिशेबपत्रके, विश्वस्त बदलला की फेरफाराचा अर्ज. हे सर्व जुन्यांच्या अंगवळणी पडले होते. आता दात्याला ८०-जी ची सवलत हवी तर रोखीने २,००० च्या वर घेऊन चालत नाही, आणि पूर्वी जेथे नाव-गाव विचारले की भागत असे तेथे पॅन क्रमांक विचारावा लागतो. परदेशस्थ चिरंजीवांचे प्रकरण याहून बिकट. परदेशात राहणारा मुलगा भारतीय नागरिक असेल तर त्याने स्वतःच्या मिळकतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय ठरत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ती परकीय ठरते, संस्थेला वेगळी नोंदणी लागते आणि न्यू जर्सीहून अकोल्याच्या वसतिगृहासाठी निघालेला डॉलर प्रथम नवी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत हजेरी देतो. तेव्हा कोणाचा मुलगा अमेरिकेतून आला असे कळले की आमचा गृहस्थ लग्नमंडपात त्याच्या आईला गाठून हळूच विचारतो, ‘‘वहिनी, पोरगा तिकडचा सिटिझन झाला काय?’’ वहिनींना वाटते, हे कोणाचे तरी स्थळ घेऊन आले. त्या उत्साहाने मुलाचा पगार सांगतात. गृहस्थ तो लिहून घेतो.

गेल्या काही वर्षांत त्याच्या पिशवीत पुठ्ठ्यावर चिकटवलेली एक काळी-पांढरी चौकोनी नक्षी आली आहे. दाता फोन काढतो, नक्षीसमोर धरतो, बोट दाबतो आणि प्रकरण मिटते. व्यवस्थापक मंडळातील तरुण सभासदांना या सुधारणेचा फार अभिमान आहे. आमच्या गृहस्थाला तीत शास्त्राचा उच्छेद दिसतो. पैसे येतात, पण कोणाचे किती ते शेजाऱ्याला दिसत नाही. दुकानदार वरचे नाव वाचून चष्मा पुसत नाही. मनुष्य एकटा आपल्या सदसद्विवेकबुद्धीसमोर उभा राहतो, आणि ती बुद्धी त्याला २१ रुपये सुचवते. यावर त्याने तोड काढली आहे. आठवड्याच्या शेवटी तो बँकेचा उतारा छापून घेतो, त्यातली नावे व रकमा सुवाच्य अक्षरात एका वहीत उतरवतो, योग्य ते नाव पहिल्या क्रमांकावर आणतो, आणि सोमवारी सकाळी नऊ वाजता ती वही घेऊन ज्यांनी आधीच दिले आहे त्यांच्याकडे पुन्हा जातो.

एका रविवारी मात्र एक अघटित घडले. तो घरी दाढी करीत असता दारात एक वयस्क गृहस्थ उभा राहिला. खांद्याला कापडी पिशवी, खिशात दोन लेखण्या, मुखावर गांभीर्य. अकोल्याच्या एका अंधविद्यालयासाठी आलेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आलेल्याने चहा नाकारला नाही. यजमानाने बाजारात मंदी असल्याचे सांगितले. आलेल्याने मान डोलवून यादी पुढे केली. यजमानाने पहिले नाव वाचले आणि व्यावसायिक कौतुकाने विचारले, ‘‘यानं खरंच देल्ले, की नुसता आकडा?’’ ‘‘नुसता आकडा,’’ पाहुणा म्हणाला. मग दोघेही मनमोकळे हसले. यजमानाने १०१ रुपयांची पावती घेतली, स्वतःचे पुस्तक काढून १०१ रुपयांची पावती पाहुण्याला दिली, पैसे मेजावरून हललेही नाहीत, आणि त्या वर्षी दोन्ही संस्थांच्या अहवालांत देणग्यांच्या रकमेत प्रत्येकी १०१ रुपयांची वाढ दाखवण्यात आली. हिशेब तपासनिसांनी हरकत काढली ती एवढीच, की चहाचे व्हाऊचर जोडलेले नाही.